वंध्यत्वाची परीक्षा : पुरुषाच्या बाजूने



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, आम्ही तो सांगितला, आणि ते क्षणभर थबकले. 'विषय जरा नाजूक आहे,' असे ते म्हणाले. नाजूक आहे खरा. पण ज्या विषयाबद्दल चारचौघांत बोलता येत नाही, त्याच विषयापायी घराघरांतून सर्वांत अधिक अन्याय होत असतो, हा आमचा अनुभव आहे. चालकांनी अखेरीस संमती दिली ह्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

महाराष्ट्राला असे विषय नवे आहेत असेही नव्हे. रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. त्यापायी त्यांच्यावर खटले झाले, दंड झाला. एका खटल्यात त्यांची बाजू मांडावयास खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. संतती नको असेल तर काय करावे, हे सांगण्यासाठी कर्व्यांनी जी वाट पाडली, तिच्यावरूनच आज आम्ही दुसऱ्या टोकाचा प्रश्न घेऊन आलो आहोत. संतती हवी आहे आणि होत नाही, तर दोष कोणात आहे हे कसे ओळखावे? आणि तो दोष पुरुषात असेल, तर शस्त्र न लावता तो कितपत ओळखता येतो?

प्रारंभ एका शब्दापासून करू. 'वांझ' हा शब्द आपण सर्वांनी ऐकला आहे. जमीन वांझ असते, गाय वांझ असते, झाड वांझ असते आणि बाई वांझ असते. पुरुषाला हे विशेषण लावलेले आपण कधी ऐकले आहे काय? पुरुषासाठी 'षंढ', 'नामर्द' असे शब्द आहेत. परंतु त्यांचा अर्थ निराळा आहे. ते समागमाच्या असमर्थतेबद्दल बोलतात. पुरुष धडधाकट आहे, संसार नीट चालला आहे, दाढीमिशा, आवाज, ताकद सर्व काही यथास्थित आहे, आणि तरीही त्याच्या वीर्यात बीजच नाही, ही स्थिती अगदी शक्य आहे व ती काही दुर्मिळ नाही. तिला आपल्या बोलीत शब्द नाही. ज्याला शब्द नाही ते लोकांच्या ध्यानात येत नाही. मग पिंपळाच्या प्रदक्षिणा बायकोने घालावयाच्या, उपास तिने करावयाचे, नवस तिने बोलावयाचे, आणि हळदीकुंकवाला ओटी भरताना बायकांनी तिला वगळून पुढे जावयाचे. नवऱ्याने फार तर दुसरे लग्न करावयाचे. ते करून पुन्हा दुसरीही वांझच निघाली, अशा कथा आपल्या गावोगावी आहेत. दोघी वांझ निघाल्यावर तरी तिसऱ्या माणसाकडे बोट जावयास हवे होते. ते गेले नाही.

चरक आणि सुश्रुत ह्यांच्या संहितांत शुक्रदोषांचे वर्णन आहे, म्हणजे पुरुषाच्या बीजात दोष असू शकतो हे आपल्या शास्त्रकारांस ठाऊक होते. ते शास्त्रात राहिले, रूढीत उतरले नाही.

आता आकडे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेल्या अहवालाप्रमाणे जगातील सुमारे ६ प्रौढांपैकी १ जणाला आयुष्यात केव्हा तरी वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते. वंध्यत्व म्हणजे १२ महिने नियमित व कोणतेही साधन न वापरता संबंध राहूनही गर्भ न राहणे. अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील कारणाचा काही ना काही वाटा असतो. काहींत तेवढेच एक कारण असते, काहींत दोघांकडेही काही उणे असते.

ह्या आकड्यांमागे माणसे असतात, म्हणून एक हकिकत सांगतो. काही वर्षांपूर्वी एक सासूबाई आपल्या सुनेला घेऊन आमच्याकडे आल्या. लग्नाला ७ वर्षे झालेली. पिशवीत कागदांचा हा एवढा गठ्ठा. सुनेची गर्भाशयाची पिशवी दोनदा साफ केलेली, नळ्यांचे चित्र काढलेले, पोटात दुर्बीण घालून पाहिलेले, पाळीच्या गोळ्या किती झाल्या त्यांचा हिशेब नाही. सर्व कागद पाहून झाल्यावर आम्ही विचारले, 'यजमानांची तपासणी?' सासूबाई म्हणाल्या, 'त्याला काय झालंय डॉक्टर? चांगला हट्टाकट्टा आहे. तुम्ही हिचंच काय ते बघा.' सून खाली मान घालून बसली होती. ती हळूच म्हणाली, 'आत्याबाई, एकदा बघू द्या ना त्यांना.' एवढे म्हणावयास तिला ७ वर्षे लागली. मुलगा पुढच्या आठवड्यात आला, तोही अनिच्छेने. त्याच्या वीर्याची तपासणी झाली. एकही शुक्राणू नव्हता. जी तपासणी काही तासांत होते, जिला भूल लागत नाही, टाका लागत नाही, ती ७ वर्षे झाली नव्हती. जिला भूल लागते ती मात्र झाली होती. पुढे ह्या जोडप्याचे काय झाले ते शेवटी सांगू.

शुक्राणू म्हणजे काय, हे माणसाला कळल्यास फार दिवस झालेले नाहीत. हॉलंडमधील डेल्फ्ट गावी लेव्हेनहुक नावाचा एक कापडाचा व्यापारी होता. कापडाचा धागा पारखण्याच्या भिंगांवरून त्याला भिंगांचा नाद लागला आणि १६७७ साली त्याने मानवी वीर्यात शेपटीचे वळवळणारे जीव पाहिले. लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याने हे पत्राने कळविले, आणि हा विषय विद्वानांस किळसवाणा वाटल्यास पत्र खाजगी समजावे अशी विनंतीही केली. तेव्हा नाजूकपणाची अडचण केवळ आमच्या चालकांनाच वाटली असे नाही.

पुढे अठराव्या शतकात स्पाल्लांझानी ह्या इटालियन शास्त्रज्ञाने बेडकांच्या नरांना रेशमी कापडाच्या लहान लहान विजारी शिवून घातल्या. विजारी घातलेल्या नरांच्या माद्यांची अंडी फळली नाहीत. विजारीत गोळा झालेला द्रव अंड्यांना लावताच ती फळली. त्याने तो द्रव टिपकागदातून गाळूनही पाहिला : गाळलेले पाणी निकामी ठरले, कागदावर राहिलेला गाळ कामाचा ठरला. एवढे होऊनही, फलन द्रवाने होते, त्या वळवळणाऱ्या जीवांचा त्याच्याशी संबंध नाही, असेच त्याने ठरविले! प्रयोग हातात असतो आणि निष्कर्ष डोळ्यांपुढून निसटतो, तो असा. शुक्राणू व अंडे ह्यांची केंद्रके एकत्र येतात हे ऑस्कर हेर्टविग ह्याने समुद्रातील एका काटेरी प्राण्याच्या अंड्यात पाहिले ते १८७६ साली.

आता नेहमीच्या वीर्यपरीक्षेकडे येऊ. ती कशी करावी ह्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली पुस्तिका काढली. तिची सहावी आवृत्ती २०२१ साली निघाली. २ ते ७ दिवस संयम पाळून नमुना द्यावयाचा, तो सर्वच्या सर्व भांड्यात यावयास हवा, आणि घरून आणावयाचा झाल्यास अंगाच्या उबेत ठेवून तासाभराच्या आत पोचवावयाचा. ह्यात चूक झाली तर आकडा खोटा येतो, आणि खोट्या आकड्यावर खरी औषधे सुरू होतात. एकाच पुरुषाचे दोन नमुने सारखे येत नाहीत, म्हणून एका कागदावर कधीही विश्वासू नये. शुक्राणू तयार व्हावयास सुमारे ७४ दिवस लागतात आणि मग त्यांचा बाहेर येण्याचा प्रवास असतो. म्हणजे आजचा नमुना हा अडीच-तीन महिन्यांपूर्वीच्या प्रकृतीचा पुरावा होय. दोन महिन्यांपूर्वी मोठा ताप येऊन गेला असेल, तर त्याचा परिणाम आज दिसेल.

त्या कागदावर आकडे असतात. वीर्य किमान १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लक्ष शुक्राणू, एकंदर ३ कोटी ९० लक्ष, हालचाल करणारे शेकडा ४२, आणि आकाराने निर्दोष शेकडा ४. हा शेवटचा आकडा वाचून माणसे हादरतात. 'डॉक्टर, ९६ टक्के खराब!' निसर्गाची ह्या बाबतीत उधळपट्टीच आहे. शेकडा ४ निर्दोष असणे हे घाबरण्याजोगे नव्हे. हे आकडे आले कोठून? ज्यांच्या पत्नींना वर्षाच्या आत गर्भ राहिला, अशा पुरुषांची तपासणी करून त्यांतील तळच्या शेकडा ५ जणांची रेघ ही सीमा म्हणून धरली. अर्थात त्या रेघेखालीही बाप झालेले पुरुष आहेत, आणि रेघेच्या वर असूनही न झालेले आहेत. परीक्षेत ३५ गुणांना पास आणि ३४ गुणांना नापास, असा हा मामला नाही.

परंतु एक आकडा असा आहे की ज्याच्याबद्दल वाद संभवत नाही. तो म्हणजे शून्य. शंभर पुरुषांत सुमारे १, आणि वंध्यत्वासाठी तपासलेल्या शंभर पुरुषांत १० ते १५ ह्या शून्याचे धनी असतात. शून्य म्हणण्यापूर्वी नमुना यंत्रात वेगाने फिरवून तळाचा गाळ पाहावा लागतो, आणि हे दोन वेळा करावे लागते. तरीही शून्यच आले, की खरा प्रश्न उभा राहतो.

घरचा नळ कोरडा पडला, तर आपण काय विचारतो? विहीर आटली, की वाटेत नळ तुंबला? येथेही तेच. एक तर वृषणात शुक्राणू तयार होत आहेत, पण बाहेर यावयाची वाट बंद आहे. नाही तर वृषणातच ते तयार होत नाहीत, किंवा कोठे कोठे थोडेसे होतात. पहिल्या प्रकारात आशा पुष्कळ असते. दुसऱ्या प्रकारात १९९२ पर्यंत जवळजवळ काहीच करता येत नव्हते. आपल्या मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा ह्या कन्येचा जन्म झाला, तो शरीराबाहेर फलन करून; परंतु त्या पद्धतीतही हजारो जिवंत शुक्राणू लागत. १९९२ साली ब्रसेल्स येथील डॉक्टरांनी एकच शुक्राणू सुईने अंड्यात सोडून मूल जन्माला आणल्याचे जाहीर केले, आणि चित्र पालटले. तेव्हापासून वृषणात कोठे तरी मूठभर शुक्राणू आहेत काय, हा प्रश्न नुसता पुस्तकी राहिला नाही.

त्याचे उत्तर शोधण्याची जुनी रीत म्हणजे सुरी. वृषणाचा बारीक तुकडा कापून काढावयाचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचा. आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. भाताच्या बाबतीत ती खरी, कारण भांडे एकाच आचेवर असते व सगळी शिते सारखी शिजतात. बिघडलेला वृषण हे असे भांडे नव्हे. त्यात काहीशे मीटर लांबीच्या बारीक नलिका गुंडाळलेल्या असतात, आणि एका कोपऱ्यात सर्व ओसाड असता दुसऱ्या कोपऱ्यात चार नलिका काम करीत असू शकतात. उचललेले शीत कच्चे निघाले म्हणून सगळा भात कच्चा असे येथे म्हणता येत नाही. म्हणून १९९९ पासून मोठ्या भिंगाखाली सगळा वृषण उघडून फुगीर नलिका शोधण्याची शस्त्रक्रिया आली. ती भूल देऊन होते, काही तास चालते, खर्च मोठा असतो, आणि साधारणपणे निम्म्या पुरुषांत काहीच हाती लागत नाही. त्या निम्म्यांचा विचार करा. शेत विकून किंवा कर्ज काढून आलेला माणूस वेदना सोसून रिकाम्या हाती परत जातो. त्याला आधीच सांगता आले असते तर?

सोनार दागिना पारखताना तो वितळवीत नाही. कसोटीच्या दगडावर एक बारीक रेघ ओढतो आणि रेघेच्या रंगावरून सोन्याचा कस सांगतो. दागिना शाबूत राहतो. शरीराला न कापता रक्तातून किंवा वीर्यातून अशी रेघ मिळविणे, ह्यालाच जैविक खुणेने केलेली परीक्षा म्हणतात. तज्ज्ञांच्या बोलण्यात ह्या खुणेला बायोमार्कर असे नाव आहे. ह्या खुणा कोणकोणत्या, ते आता क्रमाने पाहू.

पहिली खूण तज्ज्ञाचा हात हीच. वृषणाचा आकार, त्याची घट्टी, आणि त्यापासून वर जाणारी शुक्रवाहिनी बोटांना लागते की नाही, एवढ्यावरून पुष्कळ कळते. काही पुरुषांत ही वाहिनी जन्मतःच नसते. अशांचे वीर्य थोडे, आम्ल, आणि फ्रुक्टोज नावाच्या साखरेविना असते. कारण ही साखर ज्या पिशव्यांतून येते त्याही बहुधा नसतात. ह्या अवस्थेच्या मुळाशी बहुतेक वेळा एका जनुकाचा दोष असतो, आणि तोच दोष पत्नीतही लपलेला असेल तर मुलाला फुप्फुसांचा गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून येथे पत्नीचेही रक्त तपासावे लागते.

दुसरी खूण रक्तातील संप्रेरकांची. मेंदूच्या तळाशी पीयूषिका ग्रंथी असते, ती एफ. एस. एच. नावाचे संप्रेरक पाठवून वृषणाकडून काम करून घेते. वृषणातील सर्टोली पेशी इन्हिबिन-बी हे द्रव्य पाठवून 'काम चालू आहे' असा निरोप वर देतात. निरोप येईनासा झाला, की एफ. एस. एच. वाढते, मजूर हलले नाहीत की मुकादमाचा आवाज चढतो तसे. शून्य आलेल्या पुरुषात एफ. एस. एच. ७.६ च्या वर आणि वृषणाची लांबी ४.६ सेंटिमीटरहून कमी असेल, तर विहीरच आटली आहे असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते, आणि केवळ निदानासाठी तुकडा कापण्याचे कारण उरत नाही. पण मुकादमाचा आवाज शांत असूनही काम अर्ध्यावर अडलेले असू शकते. शुक्राणू अर्धे घडून तेथेच थांबतात अशीही एक अवस्था आहे. शिवाय आटलेल्या विहिरीत कोठे ओल उरली आहे की नाही, हे ही दोन्ही द्रव्ये भरवशाने सांगत नाहीत.

तिसरी खूण गुणसूत्रांची. १९४२ साली क्लाइनफेल्टर ह्या अमेरिकन वैद्याने लहान वृषणांच्या पुरुषांचे वर्णन केले. त्यांच्यात एक एक्स गुणसूत्र जास्त असते हे १९५९ साली कळले. १९७६ साली इटलीतील तिएपोलो आणि झुफार्डी ह्यांनी शुक्राणू नसलेल्या पुरुषांत वाय गुणसूत्राचा तुकडा तुटलेला पाहिला. पुढे त्या तुकड्याचे अ, ब, क असे तीन भाग ओळखले गेले. रक्ताच्या एका नमुन्यावरून हे आज कळते. अ किंवा ब भाग पूर्ण गेलेला असेल, तर शस्त्रक्रियेत शुक्राणू मिळण्याची आशा जवळजवळ नाहीच. अशा पुरुषाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर न्यावयाचे नाही. नुसता क भाग गेला असेल, तर पुष्कळांत शुक्राणू मिळतात. मात्र मुलगा झाला तर तोच तुटका तुकडा त्याच्या वाट्याला येणार, हे जोडप्याला आधी सांगावयास हवे. शस्त्राविना केलेल्या परीक्षेने शस्त्र वाचविले, ह्याचे हे सर्वांत पक्के उदाहरण होय.

चौथी खूण वीर्यातील द्रवाची, आणि नवे संशोधन मुख्यतः येथे चालले आहे. वीर्याच्या शंभर भागांतील वृषणाकडून येणारे भाग फार तर २ ते ५. बाकी सर्व वाटेवरच्या ग्रंथींचे पाणी. परंतु त्या थोड्या भागात सगळ्या वृषणाचा अंश असतो. मघाशी आम्ही शिताची गोष्ट काढली. हा द्रव म्हणजे भाताची पेज समजा. पेजेत प्रत्येक शिताचे काही ना काही उतरलेले असते. कॅनडातील टोरांटो येथील संशोधकांनी २०१३ साली ह्या द्रवातील दोन प्रथिने निवडून दाखविली. ई-सी-एम-१ हे प्रथिन वृषणाला लागून असलेल्या अधिवृषणातून येते. वाट बंद असेल तर ते वीर्यात जवळजवळ नाहीसे होते. म्हणजे नळ तुंबला की विहीर आटली, ह्याची ती खूण. टेक्स-१०१ हे दुसरे प्रथिन फक्त बीजपेशींवर असते. वाट मोकळी आहे, शुक्राणू शून्य आहेत, पण हे प्रथिन सापडते, तर आत कोठे तरी बीजपेशी जिवंत आहेत. वीर्यात मेदाच्या अत्यंत सूक्ष्म पिशव्याही असतात व त्यांत आर. एन. ए. चे तुकडे असतात. त्यांवरूनही शून्याचे मूळ ओळखता येईल काय, ह्याचा शोध बार्सिलोना येथे व अन्यत्र चालला आहे.

हे ऐकून आपणांस वाटेल की प्रश्न सुटला. तसे नाही, आणि ते सांगितल्याविना आम्ही खाली बसलो तर ती आपली फसवणूक होईल. ह्या नव्या खुणा अजून नित्याच्या तपासणीत रूढ झालेल्या नाहीत, आणि त्याचे कारण साध्या अंकगणितात आहे. विहीर आटलेल्या १०० पुरुषांचा विचार करा. समजा ५० जणांत शस्त्रक्रियेने शुक्राणू मिळतील व ५० जणांत मिळणार नाहीत. आपल्याजवळ एक परीक्षा आहे, जी दोन्ही बाजूंनी शंभरांत ९० वेळा खरी ठरते. ऐकावयास उत्तम! पण ज्यांच्यात शुक्राणू आहेत अशा ५० जणांतील ५ जणांना ती 'नाहीत' म्हणून सांगेल. त्या ५ घरांत होणारे मूल एका कागदाने झाले नाही. उलट ज्यांच्यात नाहीत अशा ५ जणांना ती आशा लावून टेबलावर पाठवील. ह्या दोन चुका सारख्या नव्हेत. व्यर्थ शस्त्रक्रियेची जखम भरून येते; दार लावून घेतल्याची चूक कोणाला कळतच नाही. म्हणून 'नाही' म्हणणारी परीक्षा जवळजवळ अचूक असावयास हवी, आणि वाय गुणसूत्राच्या अ व ब भागांची परीक्षा तशी आहे म्हणूनच ती आम्ही मानतो.

दुसरी सावधगिरी बाजाराची. आशेवर व्यापार फार चांगला चालतो. शुक्राणूंच्या आतील डी. एन. ए. किती तुटले आहे, ही परीक्षा आज जागोजागी करून घेतात. वारंवार गर्भपात होत असतील तेथे तिचा विचार व्हावा; पण पहिल्याच तपासणीत प्रत्येकाने ती करून घेण्याची गरज नाही, असे अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या व प्रजननवैद्यकाच्या संस्थांनी २०२० साली आपल्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. कोणतीही नवी परीक्षा सांगितली गेली, की एकच प्रश्न विचारावा : 'डॉक्टर, ह्याचे उत्तर काहीही आले तरी पुढचा उपाय बदलणार आहे काय?' बदलणार नसेल, तर पैसे खिशात राहू द्यावेत. प्रामाणिक डॉक्टरला ह्या प्रश्नाचा राग येत नाही.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. वर्ष उलटूनही गर्भ राहिला नाही, आणि पत्नीचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनंतरच, दोघांनी एकाच दिवशी तपासणीला जावे. पुरुषाची परीक्षा स्वस्त, सोपी व निर्धोक आहे. म्हणून ती आधी व्हावी. अंग कमावण्यासाठी व्यायामशाळांतून टेस्टोस्टेरॉनची व तत्सम इंजेक्शने घेण्याचा प्रकार वाढला आहे. त्यांनी दंड फुगतात, पण वरून आयते संप्रेरक मिळाल्यामुळे मुकादम गप्प बसतो आणि शुक्राणूंची निर्मिती थंडावते, कधी कधी अगदी शून्यावर येते. ती परतावयास कित्येक महिने लागतात. तंबाखू सोडावी. वृषण शरीराबाहेर टांगलेले असतात ते थंडाव्यासाठी. भट्टीपुढे किंवा तापलेल्या इंजिनाजवळ दिवसभर काम करणाऱ्याने डॉक्टरला हे सांगावे. आणखी एक : शून्य आलेल्या पुरुषाने मूल नको असले तरी एकदा नीट तपासणी करून घ्यावी, कारण वृषणाच्या कर्करोगासारखा आजार काही वेळा ह्याच वाटेने प्रथम उघडकीस येतो.

आता ते जोडपे. मुलाची वाहिनी बोटांना लागत होती, वृषण भरीव होते, एफ. एस. एच. ठीक होते, गुणसूत्रे ठीक होती. लहानपणी झालेल्या हर्नियाच्या दोन्ही बाजूंच्या शस्त्रक्रियेचे व्रण त्याच्या अंगावर होते. वाट तेथे बंद झाली असावी असा आमचा तर्क झाला व पुढे तो खरा ठरला. सुईने शुक्राणू मिळाले. पहिला प्रयत्न फसला. दुसऱ्या प्रयत्नात त्यांना मुलगी झाली. सर्वांच्या बाबतीत असे होत नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्यांच्या बाबतीत सर्व परीक्षा 'नाही' म्हणतात, त्यांच्यापुढे २०२१ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी झालेल्या पेढीतून दात्याचे बीज घेण्याचा, दत्तकाचा, किंवा दोघांनीच सुखाने राहण्याचा मार्ग असतो. त्यांतील कोणताही मार्ग कमीपणाचा नाही. पण कोणता घ्यावयाचा हे ठरविण्यास खरे उत्तर आधी हातात लागते, आणि ते वेळेवर लागावे लागते.

आम्हांला त्या हकिकतीतील मुलीच्या जन्माहून एक दुसरा प्रसंग अधिक आठवतो. मुलाचा कागद आला त्या दिवशी सासूबाईंना आम्ही सर्व समजावून सांगितले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग सुनेकडे वळून म्हणाल्या, 'सूनबाई, सात वर्षं तुला उगाच बोलले गं.' आम्ही पुष्कळ औषधे दिली आहेत, पण त्या सुनेच्या चेहऱ्यावर त्या एका वाक्याने जे झाले ते आमच्या कोणत्याही औषधाने झालेले आम्हांस आठवत नाही.

ह्या सभागृहात ज्यांच्या घरी सून आहे, लेक आहे, अशी माणसे पुष्कळ आहेत. त्यांतील एकाने जरी उद्या आपल्या मुलाला किंवा जावयाला 'आधी तू जाऊन ये' असे म्हटले, तरी चालकांनी ह्या नाजूक विषयाला दिलेली संमती कारणी लागली असे आम्ही समजू.